वाळूतला अंगठा

आनंदा बापू चौगुले यांचं निधन गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी कोल्हापुरात, राहत्या घरी झालं. ते मोल्डर होते, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे बनवत. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. दाखल्यावर डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं आहे. ते माझे सख्खे मामा. फोन मामींनी केला. "तुझं मामा गेलं. चहाचा कप हातात हुता. ये." मी निघतो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "आणि हे बघ, येताना वही आणू नगंस."

हे शेवटचं वाक्य खरं तर मामांचं. गेली अकरा वर्षं मी त्यांच्या दारात चप्पल काढली की ते आतून विचारत, "वही आणलीस काय?" मी नाही म्हणालो तरी त्यांची नजर माझ्या शर्टाच्या खिशावरून फिरे. पुढं माझं टिपण मोबाईलवर होतं हे त्यांना कळलं, तेव्हा मोबाईल टीव्हीशेजारी पालथा ठेवायचा असा नियम झाला. लग्नाकार्यात ते माझी ओळख करून देत, "हा आमच्या आक्काचा. वर्तमानपत्रात हाय. ह्याच्याम्होरं शिंकू नका, उद्या छापून येतंय." लोक हसत, मामाही हसत. मोबाईल मात्र पालथाच राही. हा संशय त्यांच्या स्वभावातला नव्हता. तो माझ्यामुळं आला होता. त्याचं कारण या लेखात नोंदवायचं आहे.

कारखाना उद्यमनगरात आहे. नाव देत नाही. तिथं इंजिनांचे, पंपांचे आणि उसाच्या चरकांचे भाग ओततात. साचा काळ्या वाळूचा. आतला पोकळ भाग यावा म्हणून जो गाभा बसवतात, त्याच्या वाळूत साखर कारखान्यातली मळी कालवलेली असे. भट्टी लागली आणि रस ओतायला सुरुवात झाली की जळक्या गुळासारखा वास गल्लीभर पसरे. रस म्हणजे वितळलेलं लोखंड. तिथं त्याला दुसरा शब्द मी ऐकला नाही. मामांच्या कपड्यांना तो वास रविवारीही येई. पावलांवर फुटाण्याएवढे पांढरे डाग होते, उडालेल्या थेंबांचे. मी लहानपणी ते मोजले होते आणि आकड्यावरून आमचा वाद झाला होता.

वाळू कशी पारखायची हे त्यांनी मला दाखवलं होतं. मूठभर घ्यायची, दाबायची, मग तो गोळा मधोमध मोडायचा. कड स्वच्छ तुटली तर वाळू योग्य. भुगा झाला तर कोरडी. तळव्याला चिकटली तर ओली, आणि ओल्या वाळूत रस पडला की "उडतोय, मग कुणाच्या अंगाव जाईल त्याला इचारून जात न्हाय." कारखान्यात पुढं ओलावा मोजायचं यंत्र आलं. मामा आधी मूठ दाबत आणि मग यंत्राचा काटा बघत. साहेबांनी विचारलं, यंत्र असताना मूठ कशाला? मामा म्हणाले, "काटा बरोबर हाय का बघत हुतो." घरी मामींनी भाकरीचं पीठ मळलं की येता-जाता तेही मुठीत घेऊन मोडत. मामी त्यांच्या हातावर चापट मारत.

त्या खात्यात तेव्हा सहा मोल्डर होते. सहाही जण हातानं साचा भरणारे. त्यांच्यात एक चाल होती, ती बाहेर कुणाला माहीत नव्हती. साच्याची पेटी बंद करण्याआधी प्रत्येक जण आतल्या बाजूला, जिथं पुढं मशिनिंग होत नाही अशा जागी, आपली खूण करी. मामा उजव्या हाताचा अंगठा दाबत. दस्तगीर नखानं दोन रेघा ओढत. विष्णू करणीच्या, म्हणजे छोट्या थापीच्या, टोकानं त्रिकोण काढत. वाळूत खड्डा पडला की लोखंडावर उंचवटा येतो. मामांचा अंगठा कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, अर्ध्या शेंगदाण्याएवढा उठे. दुसऱ्या दिवशी पेट्या फोडल्या की हे सहा जण साहेब यायच्या आत एक फेरी मारत आणि खुणा बघत. ज्याच्या कास्टिंगला भोक पडलेलं असे त्याला दिवसभर सोडत नसत. "आरं, जाळी वतलीयास का पंप?" संध्याकाळी त्यानं भज्यांची पुडी आणायची, एवढीच शिक्षा. पुढच्या पेटीला मात्र त्याच्याकडं कुणीतरी न सांगता जाऊन उभं राही आणि वाळू कुठं सैल राहते ते बघे. खुणेचा उपयोग तेवढाच होता. एकमेकांचं काम एकमेकांनी बघायचं.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या पुरवणीनं कामगार दिनासाठी श्रमाचा सन्मान करणारा अंक काढायचं ठरवलं. मी मामांच्या कारखान्यावर लिहितो म्हणालो. मालकांची रीतसर परवानगी घेतली आणि दोन दिवस खात्यात बसलो. दुसऱ्या दिवशी एका कास्टिंगच्या पोटात तो उंचवटा दिसला. मी मामांना विचारलं, हे काय? ते वाळू चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "ते आमचं आमच्यात हाय. ते सोड." मी ते शब्द वहीत लिहून घेतले. जेवणानंतर कारखान्याबाहेर चहाच्या गाडीवर विष्णू भेटले. मी सहज विषय काढला आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुणाची खूण कुठली, भज्यांची पुडी, सकाळची फेरी. सांगताना ते खूश होते. "छाप की. लोकास्नी बी कळूद्यात मोल्डर म्हंजे काय असतोय. फकस्त माझं नाव घालू नगंस, पावणं." मी शब्द दिला आणि पाळला.

लेखाचा मथळा होता 'लोखंडावरची सही'. नाव एकाच माणसाचं होतं, मामांचं. अंगठ्याचा फोटो चार कॉलमी छापला होता. त्या आठवड्यात मला बरीच पत्रं आली. मामांचा फोन आला नाही.

लेख आल्यावर साधारण दहा दिवसांनी कारखान्यात मामांचा सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीत माझा लेख. मला आमंत्रण होतं. दुसऱ्या बातमीमुळं मी गेलो नाही. तिथं काय झालं ते मी नंतर तिघांकडून स्वतंत्रपणे ऐकलं आहे आणि तिघांचं सांगणं जुळतं. मालक बोलायला उभे राहिले. आपल्या कामगारांची ही सुंदर परंपरा आपल्यालाच वर्तमानपत्रातून कळावी याचं वाईट वाटतं, म्हणाले. पुढं म्हणाले की ही परंपरा आता कारखाना पुढं नेणार आहे. येत्या सोमवारपासून प्रत्येक साच्यावर खूण सक्तीची. तपासणीत जे कास्टिंग नापास होईल, ते खुणेनुसार वेगळं काढून ठेवलं जाईल. टाळ्या झाल्या. त्या वर्षात सहापैकी दोघांना मोल्डिंगमधून काढून दुसऱ्या खात्यात टाकलं. त्याचा खुणांशी संबंध होता असं सगळे म्हणतात. मला तो कागदावर सिद्ध करता आलेला नाही.

सहा जण दुपारी पॅटर्नच्या, म्हणजे साच्यांचे लाकडी नमुने ठेवायच्या, खोलीच्या सावलीत गोल करून जेवत. कांदा फोडायचं काम दस्तगीर यांचं. ते तो फरशीवर ठेवून मुठीनं फोडत आणि सहा वाटे करत. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मामा डबा घेऊन गेले तेव्हा गोलात जागा नव्हती. दस्तगीर म्हणाले, "आनंदा, जमिनीव बसतोस व्हय? मालकाच्या टेबलाव जा की. खुर्ची पुसून ठेवली असंल." कुणी हसलं नाही. मामा डबा घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या फरशीवर जाऊन बसले. कांद्याचे वाटे पाच झाले. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षं मामा तिथंच जेवले.

दस्तगीर आणि बाकीच्यांच्या बाजूनं बघितलं तर हिशेब सरळ होता. लेख भाच्यानं लिहिला. त्यात नाव मामाचं. सत्कार मामाचा. मग सांगितलं कुणी, यात विचारण्यासारखं काय उरतं?

मला हे मामींकडून कळलं, तेही तीन-चार महिन्यांनी. शिलाई मशिनवर सत्काराची शाल झाकण म्हणून घातलेली बघून मी विचारलं, तेव्हा. मी मामांकडं गेलो आणि म्हणालो, मी कारखान्यात येतो, तुम्ही काही सांगितलं नव्हतं हे सगळ्यांसमोर सांगतो. मामा भाकरी मोडत होते.

"मग कोण बोललं म्हणून इचारतील. काय सांगशील?"

"नाव सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"मग गप बस की."

"तुम्हाला माहीत आहे का कोण ते?"

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला. "मी तुला इचारत न्हाय. तूबी मला इचारू नगंस." या विषयावर आम्ही बोललो ते एवढंच. बातमीदारानं माहिती देणाऱ्याचं नाव उघड करू नये हा नियम खरा आहे. मी त्याच्या आड उभा होतो हेही खरं आहे.

एक बदल मात्र झाला होता, तो मला बऱ्याच उशिरा दिसला. खूण सक्तीची झाल्यापासून मामांनी अंगठा दाबणं बंद केलं. ते करणीनं एक आडवी रेघ ओढत. साहेबांनी विचारलं असता ते म्हणाले होते, "खूण पायजे हुती न्हवं? ही खूण." मी नंतर त्यांच्या हातचे जेवढे भाग बघितले, तेवढ्यांवर रेघच आहे. अंगठ्याची माझ्या माहितीतली एकच वस्तू त्यानंतर उरली. घरातला लोखंडी खलबत्ता, मामींसाठी लग्नानंतर ओतलेला. त्याच्या बुडाला तो उंचवटा आहे. मामी म्हणतात त्यामुळं तो डुगडुगतो आणि खाली फडकं घालावं लागतं.

मामांच्या अंत्ययात्रेला दस्तगीर आणि विष्णू दोघंही आले होते. वेगवेगळे उभे होते. मी विष्णूंकडं बघत होतो आणि ते माझ्याकडं. मामांना संशय असेल, पण आमच्या दोघांशिवाय ती गोष्ट नक्की कुणाला माहीत नाही, अशी माझी तोवर समजूत होती.

पाचव्या दिवशी कारखान्यातून दोन अधिकारी घरी आले. हार आणला होता. मामांचा मोठा फोटो सभागृहात लावायचा आहे, खाली 'आदर्श कामगार' असं लिहायचं आहे, आणि अनावरणाला मामींनी यावं, असं त्यांनी सांगितलं. मामींनी त्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "कशाव सही पायजे?" कशावरच नको, असं ते म्हणाले. मामींना ते खरं वाटलं नसावं. त्यांनी हाराबरोबरचं पाकीट उघडून आत बघितलं. त्यात शोकसंदेश होता. त्या म्हणाल्या, "फोटो लावा जावा. खाली मोल्डर लिहा. आदर्श-बिदर्श नगं. एकदा लिहिलंतं, त्यापायी आठ वर्सं डबा एकट्यानं खाल्ला माणसानं." अधिकाऱ्यांना संदर्भ लागला नाही. बघतो म्हणाले. हा मजकूर लिहीपर्यंत फोटो लागलेला नाही.

दहाव्या दिवशी घाटावरून परतताना विष्णूंनी मला बाजूला घेतलं. "तू कुणाला बोललास का?" मी नाही म्हणालो. "आनंदानं?" माहीत नाही, म्हणालो. मग ते म्हणाले, "त्याला पैल्या दिवशीच कळलंतं. लेख आला त्याच दिवशी माझ्याकडं आला. म्हणाला, विष्ण्या, तू बोललास न्हवं? मी व्हय म्हणलो. मला वाटलं, आता मारतोय." मामा त्यावर काय म्हणाले ते मी विष्णूंना दोनदा सांगायला लावलं. दोन्ही वेळा शब्द तेच होते. "तू बोललास ती चहावरची गोष्ट. छापलं ते माझ्या भाच्यानं. मी त्याला सोड म्हणलोतो. चूक माझ्या घरची हाय, तू मधी येऊ नगंस."

एवढी वर्षं मी असं धरून चाललो होतो की मामांनी संशय असूनही गप्प राहून विष्णूंना सांभाळलं. प्रत्यक्षात ते माझी चूक भरत होते.

हे सगळं दस्तगीर यांना सांगायला विष्णू तयार होते. आत्ताच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आता त्यो नगं म्हणायला न्हाय." हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, पण दुसरं मिळालं नाही. तेराव्याच्या जेवणाला दस्तगीर आले तेव्हा विष्णूंनी मामांच्या घरातच, खलबत्ता ठेवलेल्या कोनाड्याशेजारी उभं राहून सगळं सांगितलं. दस्तगीर यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाचं सगळेच चांगलं सांगतात. पुरावा काय? तू आज बोलतोस, ह्यो त्याचा भाचा. उद्या दोघं मिळून अजून काय सांगशीला."

पुरावा होता. मी जुन्या वह्या टाकत नाही. वही घेऊन यायला मला अर्धा तास लागला. परत आलो तर मामी दारातच होत्या. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि बाजूला झाल्या. मी विष्णूंच्या परवानगीनं ते पान उघडलं. डाव्या बाजूला 'चहागाडी' असं लिहून विष्णूंचं नाव, खाली सहा खुणा काढलेल्या. दस्तगीर यांनी चष्मा लावला आणि त्या खुणांवरून बोट फिरवलं. स्वतःच्या दोन रेघांवर ते थांबले. मग त्यांची नजर त्याच पानाच्या वरच्या ओळीवर गेली. माझं अक्षर वाईट आहे. ते एकेक शब्द लावत वाचत होते.

"आ. मामा... ते आमचं आमच्यात हाय... ते सोड." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हे अक्षर तुझं?"

"होय."

"त्यानं सोड म्हणलेलं तू लिहून घेतलंस."

"होय."

"मग छापलंस कशाला?"

चांगल्यासाठी छापलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मामी आतून म्हणाल्या, "दस्तगीरभावजी, पान वाढलंय." ते जेवायला बसले. विष्णूंशी ते त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत. जाताना त्यांनी कोनाड्यातला खलबत्ता उचलला, उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला आणि होता तसा फडक्यावर ठेवला.

हा मजकूर छापायला देण्याआधी मामी, दस्तगीर आणि विष्णू या तिघांना मी वाचून दाखवला. विष्णूंनी त्यांचं नाव घालायला संमती दिली आहे. खुणांची चाल लिहू का, असं मी दस्तगीर यांना विचारलं. ते म्हणाले, "आता लपवायला काय ऱ्हायलंय. पण इचारलंस, बरं केलंस." मामींनी एक ओळ काढायला सांगितली. ती काढली आहे.

कारखान्यात हातानं साचे भरायचं काम आता थोडंच उरलं आहे. सहापैकी दस्तगीर आणि विष्णू हे दोघंच कामावर आहेत. गेल्या सोमवारी दुपारी साडेबारा वाजता मी परवानगी घेऊन तिथं होतो. भोंगा झाल्यावर दस्तगीर डबा घेऊन पॅटर्नच्या खोलीकडं गेले नाहीत. ते मामांच्या जागी, पाण्याच्या टाकीजवळच्या फरशीवर जाऊन बसले. विष्णू काही अंतरावर थांबले. "बस की," दस्तगीर म्हणाले, "हुबा ऱ्हाऊन पहारा देतोस व्हय?" विष्णू बसले. दस्तगीर यांनी कांदा फरशीवर ठेवला, मुठीनं फोडला आणि त्याचे तीन वाटे केले. एक स्वतःकडं घेतला, एक विष्णूंच्या झाकणात टाकला. तिसरा टाकीच्या कठड्यावर ठेवला. मी समोर उभा होतो.